यंत्र एकाचे, शाई दुसऱ्याची

छपाईचे यंत्र विकत घेणाऱ्याने त्यात कोणाची शाई घालावी, हा प्रश्न आज संगणकाच्या दुकानापुरता वाटत असला, तरी त्याचा इतिहास शंभराहून अधिक वर्षांचा आहे, आणि त्या इतिहासात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयापासून मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर टोनर भरून देणाऱ्या कारागिरापर्यंत अनेकांचा वाटा आहे. प्रिंटर बनवणाऱ्या कंपनीने स्वतःच्या नावाने विकलेले कार्ट्रिज, म्हणजे शाई किंवा शाईची भुकटी साठवणारी बदलता येणारी कुपी, बाजारात ‘ओरिजिनल’ म्हणून ओळखले जाते. त्याच प्रिंटरला बसेल असे दुसऱ्या कारखान्याने बनवून स्वतःच्या नावाने विकलेले ते ‘कम्पॅटिबल’. रिकामे झालेले मूळ कार्ट्रिज साफ करून पुन्हा भरलेले ते ‘रिफिल’. आणि मूळ कंपनीचे नाव, खोका व शिक्का यांची नक्कल करून विकलेले ते ‘डुप्लिकेट’. यांपैकी पहिले तीन प्रकार सामान्यतः कायदेशीर व्यापारात मोडतात आणि चौथा हा गुन्हा आहे. ग्राहकाच्या मनात मात्र दुसरा, तिसरा आणि चौथा प्रकार सरसकट एकच होऊन बसतो, आणि या गोंधळाचा लाभ मूळ कंपन्यांनाही होतो व नक्कल करणाऱ्यांनाही होतो.

शाईचा व्यापार मुळात लिहिण्याच्या साधनापासून स्वतंत्र होता. टाक एका ठिकाणचा, दौत दुसऱ्या ठिकाणची आणि शाई घरी खलून केलेली किंवा पुडीतून विरघळवलेली, अशी व्यवस्था दीर्घकाळ चालली. दिगंबर परशुराम दांडेकर यांनी १९३१मध्ये मुंबईत सुरू केलेल्या आणि पुढे कॅमलिन या नावाने प्रसिद्ध झालेल्या उद्योगाचा आरंभही शाईची भुकटी आणि वड्या विकण्यापासूनच झाला, आणि त्याच घराची ‘कॅमल’ शाई पुढे देशी-विदेशी कोणत्याही फाउंटन पेनात भरली जाऊ लागली. शाई वाईट निघाली तर पेन अडके, ते धुऊन घ्यावे लागे आणि पुढच्या वेळी दुसरी बाटली आणली जाई. निर्णय आणि त्याचा परिणाम हे दोन्ही वापरणाऱ्याच्याच हाती होते. हे नाते प्रथम विस्कटले ते कार्यालयात, प्रती काढण्याच्या यंत्राच्या निमित्ताने.

थॉमस एडिसन यांनी १८७६मध्ये विजेवर चालणाऱ्या एका लेखणीचे पेटंट घेतले होते. मेण लावलेल्या कागदावर अक्षरांच्या जागी बारीक छिद्रे पाडायची आणि त्या छिद्रांतून शाई खालच्या कागदावर उतरवायची, हे या पद्धतीचे तत्त्व होय. शिकागोच्या ए. बी. डिक कंपनीने एडिसन यांच्या पेटंटांच्या परवान्यावर १८८७मध्ये ‘मिमिओग्राफ’ हे यंत्र बाजारात आणले; इंग्लंडमध्ये डेव्हिड गेस्टेट्नर यांनी याच जातीची यंत्रे विकसित केली, आणि भारतात ही पद्धत ‘सायक्लोस्टाइल’ या नावाने रुळली. डिक कंपनी आपल्या यंत्रावर एक सूचना लावत असे, आणि तिचा आशय असा होता की हे यंत्र परवान्याच्या अटीवर विकले आहे व ते याच कंपनीने बनवलेल्या स्टेन्सिल, कागद, शाई आणि इतर साहित्यानेच चालवता येईल. कागद आणि शाई यांवर कंपनीचे पेटंट नव्हते; पेटंट यंत्राचे होते, पण त्या पेटंटाच्या आधारे यंत्राच्या पोटात जाणाऱ्या प्रत्येक वस्तूवर मालकी सांगितली जात होती. ही अट ठाऊक असूनही सिडनी हेन्री नावाच्या विक्रेत्याने अशा यंत्राच्या मालकिणीला दुसऱ्या बनावटीच्या शाईचा एक डबा विकला, आणि त्या डब्यावरून उभा राहिलेला खटला थेट सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. ११ मार्च १९१२ रोजी न्यायालयाने चार विरुद्ध तीन मतांनी कंपनीच्या बाजूने निकाल दिला: पेटंटधारकाला यंत्र मुळीच न विकण्याचा अधिकार आहे, म्हणून ते अटींसह विकण्याचाही अधिकार आहे, असा बहुमताचा युक्तिवाद होता.

मुख्य न्यायाधीश एडवर्ड व्हाइट यांनी या निकालाला दिलेली भिन्नमतपत्रिका आजही वाचण्यासारखी आहे, कारण पुढच्या शतकात जे घडले त्याचे चित्र तिच्यात जवळजवळ जसेच्या तसे सापडते. पेटंट असलेला रंधा विकत घेणाऱ्या सुताराला रंधा विकणाऱ्याचेच लाकूड वापरण्याची सक्ती करता येईल, पेटंट असलेल्या शिवणयंत्राला दोराही पेटंटधारकाचाच घ्यावा लागेल, आणि अशा रीतीने रोजच्या वापरातील साध्या वस्तूंचा व्यापारही पेटंटाच्या कक्षेत ओढला जाईल, असे त्यांनी बजावले होते. लोकमतही या निकालाविरुद्ध गेले. १९१४च्या क्लेटन कायद्याने स्पर्धेला मारक ठरणाऱ्या अशा जोडविक्रीवर बंधने घातली, आणि १९१७मध्ये चित्रपट दाखवणाऱ्या प्रोजेक्टरसंबंधीच्या एका खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने स्वतःचाच १९१२चा निर्णय मोडीत काढला. यंत्र विकले की त्यात काय घालायचे हे ठरवण्याचा हक्क पेटंटाच्या जोरावर राखून ठेवता येत नाही, हे तत्त्व तेव्हापासून अमेरिकी कायद्यात रुजले.

तत्त्व रुजले म्हणून प्रयत्न थांबले नाहीत. फक्त त्यांचे समर्थन बदलले. मालकीहक्काऐवजी आता गुणवत्तेची ढाल पुढे करण्यात आली. आयबीएम ही कंपनी आकडेमोडीची यंत्रे भाड्याने देत असे आणि त्यांत घालायची छिद्रांची पुठ्ठ्याची कार्डे आपल्याकडूनच घ्यावीत अशी अट घालत असे. कार्डाच्या जाडीत किंचित फरक पडला किंवा कागदात दोष राहिला तर यंत्र चुकीचे उत्तर देईल आणि नाव मात्र आमचे खराब होईल, असे तिचे म्हणणे होते. १९३६मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते फेटाळले. कार्डे कशी असावीत याचे निकष कंपनीने जाहीर करावेत आणि जो ते पाळेल त्याला कार्डे बनवू द्यावीत, असा न्यायालयाच्या म्हणण्याचा रोख होता. शिवाय स्वतः अमेरिकी सरकारला कंपनीने जादा भाडे घेऊन स्वतःची कार्डे वापरू दिली होती, म्हणजे परकी कार्डे यंत्राला चालतच नाहीत असे म्हणायला जागा उरली नव्हती. आज प्रिंटरच्या पडद्यावर ‘परके कार्ट्रिज वापरल्यास छपाईच्या दर्जाची हमी नाही’ असा जो इशारा उमटतो, त्याची वंशावळ या कार्डांपर्यंत मागे नेता येते.

महाराष्ट्रातील कार्यालयांना या काळात अशा अटींचा जाच फारसा जाणवला नाही. शाळांच्या प्रश्नपत्रिका, कचेऱ्यांची परिपत्रके, १९४२च्या आंदोलनातील आणि पुढे आणीबाणीतील भूमिगत पत्रके, तसेच मराठी अनियतकालिकांच्या चळवळीतील काही अंक सायक्लोस्टाइल यंत्रावर निघाले, आणि त्यांना लागणारी शाई व स्टेन्सिल ज्या बनावटीची मिळेल ती वापरली जाई. टाइपरायटर रेमिंग्टनचा असो वा विक्रोळीच्या गोदरेज कारखान्यातून १९५५ पासून निघू लागलेला असो, त्यावर मुंबईच्या कोरेस कंपनीची रिबन चढवताना कोणाला संकोच वाटत नसे, कारण रिबन ही शाईत भिजवलेली कापडी फीत होती व तिची रुंदी आणि चकती ठरलेली असे. पुढे डॉट मॅट्रिक्स प्रिंटर आले तेव्हा फीत प्लास्टिकच्या डबीत बंद झाली, तरी डबी उघडून आतली फीत तेवढी बदलण्याची पद्धत भारतीय बाजाराने लगेच शोधून काढली. या देशातील रिफिलच्या धंद्याचे मूळ अशा सवयींत आहे. गरिबी हे त्याचे एक कारण असले, तरी चालू वस्तू फेकून द्यायची नाही ही कारागिरीची शिस्तही त्यामागे आहे.

खरा तांत्रिक बदल १९८०च्या दशकात झाला. कॅनन कंपनीने १९८२मध्ये छोट्या कार्यालयांसाठी जे वैयक्तिक कॉपियर आणले, त्यांत टोनर, म्हणजे प्लास्टिक आणि रंगद्रव्य यांची अतिसूक्ष्म भुकटी, आणि ती भुकटी विद्युतभाराने धरून कागदावर उतरवणारा प्रकाशसंवेदी ड्रम, हे दोन्ही एकाच बदलत्या डबीत बसवलेले होते. यंत्राचा जो भाग सर्वांत लवकर झिजतो तोच भाग ग्राहकाने स्वतः बदलायचा, म्हणजे दुरुस्तीसाठी माणूस बोलवावा लागणार नाही, ही यामागची कल्पना खरोखर बुद्धिमान होती. १९८४मध्ये ह्यूलेट-पॅकार्डने, म्हणजेच एचपीने, कॅननच्याच यंत्रणेवर आधारलेला पहिला लेझरजेट आणला. आणि त्याच वर्षी थिंकजेट हा इंकजेट प्रिंटर आणला, ज्यात शाई उडवणारी सूक्ष्म छिद्रेसुद्धा फेकून देण्याच्या कुपीवरच होती. शाई तापवून बुडबुडा निर्माण करायचा आणि त्या बुडबुड्याच्या दाबाने थेंब बाहेर फेकायचा, हे तंत्र कॅननच्या इचिरो एंडो यांनी १९७७मध्ये आणि एचपीच्या जॉन व्हॉट यांनी त्यानंतर थोड्याच काळात एकमेकांपासून स्वतंत्रपणे शोधले होते. शाईची बाटली आणि छपाईचे यंत्र यांतील सीमा इथे पुसली गेली. कार्ट्रिज ही केवळ शाई राहिली नाही, ती यंत्राचाच एक तुकडा झाली, आणि म्हणून तिच्यावर स्वतंत्र पेटंट घेता येऊ लागले. १९१७च्या निकालाने पुढच्या दाराने हाकललेला हक्क असा मागच्या दाराने परत आला.

याबरोबरच किमतीचे गणितही उलटले. पहिला लेझरजेट अमेरिकेत ३,४९५ डॉलरना विकला जात होता, म्हणजे नफा यंत्रातूनच मिळत होता. पुढील वीस वर्षांत घरगुती इंकजेट इतके स्वस्त झाले की काही वेळा नव्या कार्ट्रिजच्या पूर्ण संचाची किंमत प्रिंटरच्या किमतीला भिडू लागली. प्रिंटर अल्प नफ्यावर किंवा तोट्यात विकायचा आणि तो तोटा शाईतून वर्षानुवर्षे वसूल करायचा, अशी ही रचना होती. एचपीच्या मुख्य कार्यकारी अधिकाऱ्यांनी जानेवारी २०२४मध्ये एका जाहीर मुलाखतीत ती स्पष्ट शब्दांत मांडली: प्रिंटरचा प्रत्येक ग्राहक ही कंपनीची गुंतवणूक असते, आणि त्याने पुरेसे छापले नाही किंवा कंपनीची शाई वापरली नाही तर ती गुंतवणूक वाया जाते, असा त्यांच्या बोलण्याचा आशय होता. या हिशेबात तथ्य आहे, पण तो विक्रीच्या वेळी ग्राहकाला कधीच सांगितला जात नाही, आणि न सांगितलेल्या कर्जाची फेड मागण्याचा हक्क कोणाला पोचतो असे मानता येत नाही.

अशा रचनेत मधला माणूस उभा राहणे अटळ होते. लेझरजेटच्या टोनर डबीला भोक पाडून भुकटी भरायची आणि भोक बुजवायचे, अशा अगदी ओबडधोबड पद्धतीने अमेरिकेत १९८०च्या दशकाच्या उत्तरार्धात हा धंदा सुरू झाला, आणि पुढे डबी पूर्ण उघडून ड्रम व पुसणारी पट्टी बदलण्यापर्यंत त्याची प्रगती झाली. इंकजेटच्या बाबतीत १९९७चा एक निकाल महत्त्वाचा ठरला. रिपीट-ओ-टाइप स्टेन्सिल या कंपनीचे नावच सांगते की तिचा जन्म सायक्लोस्टाइलच्या युगातला. तिने एचपीची नवी कार्ट्रिज विकत घेऊन ती पुन्हा भरता येतील असे फेरबदल केले आणि विकली. ‘संपल्यावर टाकून द्या’ अशी सूचना छापली म्हणून ग्राहकावर कायदेशीर बंधन येत नाही, आणि विकत घेतलेल्या वस्तूत असा बदल करणे म्हणजे तिची नवी प्रत बनवणे नव्हे, असे अमेरिकेच्या अपील न्यायालयाने ठरवले. त्याच वर्षी हाँगकाँगमधील एका खटल्यात लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलने मात्र कॅननच्या बाजूने कौल दिला, कारण कार्ट्रिज हा मोटारीच्या सुट्या भागासारखा दुरुस्तीचा प्रश्न आहे असे त्याला वाटले नाही. एकाच वर्षी दोन खंडांत दोन उत्तरे मिळाली, आणि ही विसंगती आजपर्यंत मिटलेली नाही.

न्यायालयांच्या या वादात शाईचा स्वतःचा स्वभाव मात्र मागे पडतो, आणि तो समजल्याशिवाय ओरिजिनल घ्यावे की कम्पॅटिबल याचा निर्णय आंधळा राहतो. तापवून थेंब उडवणाऱ्या प्रिंटरमध्ये शाई एका क्षणाच्या लक्षांशाइतक्या काळात प्रचंड तापते. तिच्यातील द्रव्ये शुद्ध नसली तर तापणाऱ्या पृष्ठावर जळका थर साचतो आणि थेंब क्षीण होत जातो. शाई फार पातळ असेल तर गळते, फार दाट असेल तर छिद्रे बुजतात, आणि पृष्ठताण चुकला तर थेंब वाकडा पडतो. कुपीबरोबरच छिद्रे बदलली जात असतील तर नुकसान एका कुपीपुरते राहते; पण एप्सनसारख्या प्रिंटरमध्ये, जेथे दाबविद्युत स्फटिक थरथरवून थेंब फेकला जातो आणि छपाईचे डोके यंत्रात कायमचे बसवलेले असते, तेथे एका वाईट बाटलीची किंमत अख्ख्या यंत्राने मोजावी लागू शकते. टोनरच्या भुकटीचेही तसेच आहे. ती ठरलेल्या तापमानाला वितळून कागदाला चिकटावी लागते. वितळण्याचा बिंदू चुकला की अक्षर बोटाने पुसले जाते, आणि कण खरबरीत असले की ड्रमवर चरे उमटतात.

मराठी मुद्रणव्यवसायाने हा धडा स्वतःच्या अनुभवातून घेतला. १९९०च्या दशकात खिळ्यांची जुळणी मागे पडून डीटीपी आले, तेव्हा पुस्तकांची, साप्ताहिकांची आणि लग्नपत्रिकांची पाने लेझर प्रिंटरवर ट्रेसिंग पेपरवर काढून त्यांवरून थेट ऑफसेटची प्लेट बनवली जाऊ लागली. या कामात काळा रंग खरोखर अपारदर्शक असावा लागतो. टोनर विरळ पडला तर प्रकाश अक्षरातून आरपार जातो, आणि देवनागरीची बारीक वळणे, रफार आणि अनुस्वार प्लेटवर उतरतच नाहीत. म्हणून अनेक छपाईवाले ट्रेसिंगसाठी चांगले कार्ट्रिज राखून ठेवत आणि मुद्रितशोधनाच्या कच्च्या प्रतींसाठी भरून घेतलेले वापरत. कामाच्या गरजेप्रमाणे शाई निवडण्याचा हा शहाणपणा कोणत्याही कंपनीच्या माहितीपत्रकापेक्षा अधिक उपयोगाचा आहे.

भोक पाडून भरण्याला उत्तर म्हणून कंपन्यांनी कार्ट्रिजमध्ये चिप बसवली. शाई किती उरली हे सांगण्यासाठी ती आहे असे ग्राहकाला सांगितले गेले, आणि ते खरेही होते. परंतु हीच चिप प्रिंटरला ओळख पटवून देते आणि एकदा ‘रिकामी’ अशी नोंद झाली की आत शाई भरली असली तरी नकार देते. आयबीएममधूनच १९९१मध्ये वेगळ्या झालेल्या लेक्समार्क कंपनीने १९९७च्या सुमारास ‘प्रीबेट’ योजना आणली, तिच्यात रिकामे कार्ट्रिज कंपनीलाच परत देण्याच्या अटीवर आधीच सवलत मिळे, आणि ती अट चिपच्या साहाय्याने राबवली जाई. नॉर्थ कॅरोलिनातील स्टॅटिक कंट्रोल या कंपनीने त्या चिपची जागा घेणारी दुसरी चिप बनवली, तेव्हा लेक्समार्कने २००२च्या अखेरीस तिच्यावर प्रताधिकार कायद्याखाली खटला भरला. संगीत आणि चित्रपट यांच्या चोरीला आळा घालण्यासाठी १९९८मध्ये केलेला हा कायदा टोनरच्या डबीला लावण्यात आला होता. २००४मध्ये अपील न्यायालयाने कंपनीला मिळालेला मनाई हुकूम रद्द केला. ज्या घराच्या पुढच्या दाराला कुलूपच नाही त्याच्या मागच्या दाराचे कुलूप घरात जाण्यावर नियंत्रण ठेवते असे म्हणता येत नाही, असे न्यायाधीशांनी लिहिले.

लेक्समार्कचा दुसरा लढा अधिक गाजला. वेस्ट व्हर्जिनियातील इम्प्रेशन प्रॉडक्ट्स या लहानशा कंपनीने लेक्समार्कची वापरलेली कार्ट्रिज पुन्हा भरून विकली, आणि इतरांप्रमाणे तडजोड न करता शेवटपर्यंत खटला चालवला. ३० मे २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाने निर्णय दिला की पेटंटधारकाने वस्तू एकदा विकली, मग ती देशात विकलेली असो वा परदेशात, की त्या वस्तूवरचे त्याचे पेटंटहक्क संपतात. मूळ खरेदीदाराने करार मोडला असेल तर त्याच्यावर कराराचा दावा करता येईल, पण पुढच्या प्रत्येक मालकाच्या मागे पेटंट घेऊन धावता येणार नाही. जपानच्या सर्वोच्च न्यायालयाने मात्र नोव्हेंबर २००७मध्ये कॅननच्या खटल्यात उलट भूमिका घेतली होती. त्या कार्ट्रिजमध्ये शाई गळू नये म्हणून दोन शोषक थरांच्या सीमेवर दाबाची विशिष्ट रचना केलेली होती. धुऊन, भोक पाडून पुन्हा भरल्याने ती रचना नव्याने सिद्ध होते, म्हणजे ही दुरुस्ती नसून पुनर्निर्मिती आहे, असे तिथे ठरले. तंत्राच्या बारकाव्यावर बेतलेला हा तर्क अभ्यासण्यासारखा आहे, तरी त्याचा परिणाम असा की चांगले शाबूत प्लास्टिक एका वापरात कचरा ठरते.

युरोपीय संघाने हा प्रश्न कचऱ्याच्याच बाजूने पाहिला. विद्युत व इलेक्ट्रॉनिक कचऱ्याविषयीच्या त्याच्या २००३च्या निर्देशात, वस्तूंचा पुनर्वापर अडवणारी रचना उत्पादकांनी मुद्दाम करू नये असे कलम आले, आणि त्यामागे प्रिंटरच्या चिपविषयीचा असंतोष हे एक कारण होते. परंतु तोवर कुलूप आणखी आत सरकले होते. १३ सप्टेंबर २०१६ रोजी एचपीच्या ऑफिसजेट मालिकेतील अनेक प्रिंटरनी, आदल्या दिवसापर्यंत सुरळीत चालणारी परकी कार्ट्रिज अचानक नाकारली. प्रिंटरच्या अंतर्गत आज्ञावलीत हा दिवस आधीच पेरून ठेवलेला होता. टीका झाल्यावर कंपनीने हे नीट कळवले नाही याबद्दल दिलगिरी व्यक्त केली आणि निर्बंध काढणारी आज्ञावली उपलब्ध केली, तरी तत्त्व सोडले नाही. डिसेंबर २०२०मध्ये इटलीच्या स्पर्धा प्राधिकरणाने एचपीला १ कोटी युरोंचा दंड ठोठावला, आणि ग्राहकांना या मर्यादांची पुरेशी कल्पना न देणे हे त्याचे एक प्रमुख कारण होते. या टप्प्याचे वेगळेपण असे की १९१२मध्ये अट निदान यंत्रावर लिहिलेली तरी होती.

दरम्यान या व्यापाराचे केंद्र चीनच्या दक्षिण किनाऱ्यावरील झुहाई शहरात गेले, जिथे कम्पॅटिबल कार्ट्रिज आणि चिप बनवणारे कारखाने दाटीने उभे राहिले. त्यांपैकी २००० साली स्थापन झालेल्या नाइनस्टार कंपनीने २०१५मध्ये स्टॅटिक कंट्रोल विकत घेतली आणि पुढच्याच वर्षी भागीदारांसह सुमारे ३.६ अब्ज डॉलरच्या व्यवहारात खुद्द लेक्समार्कही ताब्यात घेतली. ज्या दोन कंपन्या चिपवरून बारा वर्षे न्यायालयांत झगडल्या, त्या एकाच मालकाच्या छत्राखाली आल्या, आणि २०२५मध्ये लेक्समार्क पुन्हा हात बदलून झेरॉक्सकडे गेली. ‘मूळ’ आणि ‘परका’ या शब्दांतील अंतर व्यापाराच्या दृष्टीने किती थोडे असते, याचा याहून ठळक पुरावा मिळणार नाही.

भारतात हा वाद न्यायालयांपेक्षा बाजारातच अधिक सोडवला गेला. एचपीचा लेझरजेट १०२० आणि कॅननचा एलबीपी २९०० हे प्रिंटर शाळा, वकिलांच्या कचेऱ्या, झेरॉक्सची दुकाने आणि सरकारी कार्यालये यांत इतके पसरले की पहिल्याचे १२ए आणि दुसऱ्याचे ३०३ हे जवळजवळ एकाच घडणीचे कार्ट्रिज रिफिलवाल्यांचे पाठ्यपुस्तक बनले. आजही लॅमिंग्टन रोडवर, म्हणजे कागदोपत्री डॉ. दादासाहेब भडकमकर मार्गावर, किंवा तालुक्याच्या गावी एखाद्या गाळ्यात, खिळे काढून डबी उघडणारा, जुनी भुकटी झटकून नवी भरणारा आणि ड्रम झिजला असेल तर तो बदलून देणारा कारागीर भेटतो. त्याचे काम चांगले की वाईट हे त्याच्या भुकटीवर आणि त्याच्या प्रामाणिकपणावर अवलंबून असते. ड्रम न बदलता वारंवार नुसती भुकटी भरणारा माणूस संपूर्ण धंद्याचे नाव घालवतो, आणि जुन्या खोक्यात भरलेले कार्ट्रिज नवे म्हणून खपवणारा तर सरळ फसवणूक करतो. भुकटी झटकताना तोंडावर साधा रुमालही न बांधणाऱ्या या कारागिरांच्या फुप्फुसांची काळजी मात्र ना कंपन्यांनी केली, ना ग्राहकांनी.

भारतीय कायदा या प्रश्नावर मुका नाही, याची जाणीव फार थोड्यांना आहे. १९७०च्या पेटंट कायद्याच्या कलम १४० प्रमाणे, पेटंट असलेली वस्तू विकताना किंवा भाड्याने देताना पेटंटबाहेरची दुसरी वस्तू विक्रेत्याकडूनच घेण्याची अट करारात घालता येत नाही. म्हणजे डिक कंपनीच्या सूचनेला या कायद्याने जागा ठेवलेली नाही, जरी स्वतंत्र पेटंट असलेल्या कार्ट्रिजला हे कलम कितपत लागू पडेल हा वेगळा मुद्दा राहतो. १९९९च्या व्यापारचिन्ह कायद्याच्या कलम ३० प्रमाणे, एखादी वस्तू अमुक यंत्रासाठी आहे हे सांगण्यापुरता त्या यंत्राच्या नावाचा प्रामाणिक उल्लेख करता येतो, म्हणून स्वतःच्या खोक्यावर ‘अमुक प्रिंटरसाठी’ असे छापणारा कम्पॅटिबलवाला गुन्हेगार ठरत नाही. ऑगस्ट २०१४मध्ये भारतीय स्पर्धा आयोगाने मोटारींचे सुटे भाग स्वतंत्र गॅरेजांना मिळू न देणाऱ्या चौदा कंपन्यांना एकूण २,५४४ कोटी रुपयांहून अधिक दंड केला. तो खटला मोटारींचा होता, पण यंत्र विकल्यानंतर त्याच्या देखभालीचा बाजार बंदिस्त करण्यावर आयोगाने ठेवलेला आक्षेप प्रिंटरलाही तंतोतंत लागू पडतो.

आशियातील ग्राहकांनी या व्यवसायाला दिलेले सर्वांत मोठे उत्तर कायद्याचे नव्हतेच. इंडोनेशिया, भारत आणि शेजारच्या देशांत लोकांनी प्रिंटरच्या बाजूला शाईच्या बाटल्या टांगून, बारीक नळ्यांनी ती शाई कार्ट्रिजमध्ये सतत पोचवण्याची जुळणी स्वतःच करून घेतली होती. एप्सनने तिच्याशी झगडण्याऐवजी ती उचलली आणि २०१०मध्ये इंडोनेशियात मोठ्या टाक्यांचे प्रिंटर आणले. यंत्राची किंमत वाढवली, शाई बाटलीतून स्वस्त दिली, आणि थोड्याच काळात भारतातही हे प्रिंटर रुळले. कॅनन, एचपी आणि ब्रदर यांनाही त्याच वाटेने यावे लागले. टाकीच्या प्रिंटरमध्ये कंपनीची बाटली इतकी परवडते की बहुतेक ग्राहक ती आपखुशीने घेतात. किंमत रास्त असली तर बहुतेकांना कुलपाची गरज पडत नाही, हे या प्रयोगाने सिद्ध केले.

म्हणून निवडीचा प्रश्न हा निष्ठेचा नसून हिशेबाचा आणि माहितीचा आहे. काळ्या टोनरच्या कार्ट्रिजमधून किती पाने निघतात हे मोजण्याचे आंतरराष्ट्रीय मानक २००४ पासून अस्तित्वात आहे. त्यानुसार दिलेल्या पानांच्या आकड्याने किमतीला भागले की प्रत्येक पानाचा खर्च कळतो. जतन करायच्या छायाचित्रांसाठी, न्यायालयात किंवा दप्तरात वर्षानुवर्षे राहणाऱ्या कागदांसाठी आणि डोके कायमचे बसवलेल्या महाग यंत्रांसाठी ओरिजिनल शाईचा खर्च रास्त ठरतो. रोजच्या कच्च्या छपाईसाठी, विशेषतः हमीचा काळ उलटलेल्या लेझर प्रिंटरमध्ये, स्वतःचे नाव व पत्ता छापणाऱ्या उत्पादकाचे कम्पॅटिबल किंवा ओळखीच्या कारागिराचे रिफिल पुरेसे असते. आणि डुप्लिकेट मात्र कोणत्याही कामासाठी घेऊ नये, कारण खोटे नाव लावणारा आतल्या शाईविषयी खरे बोलेल अशी अपेक्षा धरता येत नाही. परंतु हा हिशेब मांडायला ग्राहकाला यंत्र घेण्यापूर्वीच सर्व बाबी ठाऊक असायला हव्यात. केंद्र सरकारच्या ग्राहक व्यवहार विभागाने जुलै २०२२मध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली, तेव्हा शेतीची अवजारे, मोबाइल व टॅब्लेट, टिकाऊ गृहोपयोगी वस्तू आणि वाहने ही क्षेत्रे निवडली होती. प्रिंटरचा त्यात नावाने समावेश व्हावा, आणि परके कार्ट्रिज नाकारणारी चिप किंवा आज्ञावली आत असेल तर ते खोक्याच्या दर्शनी बाजूस, किमतीच्या शेजारी, मराठीसह ग्राहकाच्या भाषेत छापण्याची सक्ती व्हावी, ही मागणी ग्राहक संघटनांनी, शाळांनी आणि प्रिंटरवर रोजचा व्यवसाय चालवणाऱ्यांनी एकत्र येऊन केली पाहिजे.